त्र्याहत्तर पैशांची तूट

रविवार, १७ जून १९७३. रक्कम तीन हजार रुपये, शंभराच्या तीस नोटा. हजर चौघे. रक्कम देणारे सुताचे व्यापारी, ज्यांना सगळे मालक म्हणत, महापालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्या शाळेत आम्ही बसलो होतो, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर, आणि मी. मी तेव्हा एका सूतगिरणीत हिशेबनीस होतो, वय एकेचाळीस. नोटा मी दोनदा मोजल्या.

मालकांच्या आईच्या पुण्यस्मरणाचा दिवस होता. दुष्काळाचे वर्ष नुकतेच सरत होते, बरेच माग एकाच पाळीवर चालत होते आणि शाळेभोवतालच्या गल्ल्यांत पोरे दिवसभर उनाडत होती. शाळेच्या एका अंगाला विणकरांची तेलुगू घरे, दुसऱ्या अंगाला मराठी आणि कानडी बोलणारी, मागे मास्तरांची गल्ली, तिथे दखनी. ही मुले शाळेत एका बाकावर बसत आणि सुटल्यावर गल्लीप्रमाणे वेगळी होऊन भांडत. या सगळ्यांना एकत्र वाजवायला शिकवावे, ही कल्पना मुख्याध्यापिका बाईंची. मास्तर रोज संध्याकाळी तासभर यायला तयार होते. पैशाचे तेवढे अडले होते, आणि ते मालकांनी सोडवले.

नोटा माझ्या हातात देताना मालक म्हणाले, "पोरांचं वाजवणं चालू राहू दे. पण पैसे संपले म्हणून माझ्याकडं परत येऊ नका."

बाई हसल्या, मास्तरही हसले. मी ते वाक्य लिहून घेतले.

पुढे जे झाले त्याचे मूळ माझ्या घरात आहे, म्हणून ते आधी सांगतो. माझ्या वडिलांनी एका देवस्थानात एकावन्न रुपये कायम पूजेसाठी ठेवले होते. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून वर्षातून एकदा ठरल्या तिथीला अभिषेक करायचा, अशी ती पद्धत. वडील जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती, पण दर वर्षी अंगाऱ्याचे पाकीट पोस्टाने न चुकता येत असे. पैसा नीट ठेवला की माणसामागेही काम चालू राहते, हे मी घरात पाहिले होते. याहून चांगली व्यवस्था मला ठाऊक नव्हती.

तेव्हा मी तेच केले. तीन हजार एका सहकारी बँकेत पाच वर्षांच्या मुदतीने ठेवले, आठ टक्क्यांनी. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, म्हणजे महिन्याला वीस. पंधरा मास्तरांना, पाच किरकोळीला. ठराव मी लिहिला आणि सह्या सगळ्यांनी केल्या. मालकांनी तो वाचला असेल असे मला वाटत नाही. बाईंनी मात्र वाचला. वाद्ये कुठून आणायची, असे त्यांनी विचारले. बघू, असे मी म्हणालो.

वाद्यांची सोय मास्तरांनी केली. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने नसतात, आणि लग्ने नसली की बँडची वाद्ये बँडमालकाच्या माळ्यावर पडून असतात. मास्तरांनी बँडमालकाला गळ घातली आणि दोन क्लॅरिनेट, एक साइड ड्रम, तबल्याचा जोड असे सामान हातगाडीवर घालून शाळेत आणले. पेटी शाळेची होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकोणीस मुलांनी वर्ग सुरू झाला.

मी शनिवारी जात असे, किरकोळीच्या पावत्या घ्यायला. पहिल्या शनिवारी चाललेला गोंधळ अजून कानात आहे. मात्रा मोजायला सांगितल्या तर विणकरांची मुले ओकटि, रेंडु म्हणू लागली, कानडी मुले ओंदु, एरडु, आणि मराठी मुले एक, दोन. चौथ्या मात्रेला कोणीच एकत्र पोहोचेना. मास्तरांनी सगळ्यांना गप्प केले आणि आकडेच बंद केले. तोंडाने बोल म्हणायचा आणि मांडीवर हात मारायचा, बाकी काही नाही. तीन शनिवारांनी गेलो तर एकोणीस हात एकाच वेळी मांडीवर पडत होते. आकड्यांवाचून हे जमू शकते याचे मला नवल वाटले, आणि थोडे खटकलेही.

एकोणिसांत एक मुलगी होती, विणकराची, बारा वर्षांची. सकाळी ती आईबरोबर कांड्या भरत असे, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांड्यांवर सूत गुंडाळण्याचे काम. दुपारी शाळा आणि मग वर्ग. मास्तरांनी तिला क्लॅरिनेट दिले. मुलीने क्लॅरिनेट वाजवणे तेव्हा कोणी पाहिले नव्हते. गल्लीतल्या बायका तिला, तुझ्या वरातीत तूच पुढे वाजवणार काय गं, असे चिडवत. तिला त्याचे काही वाटत नसे. ती फुंकायला लागली की बाकीची मुले आपोआप नीट बसत. मला संगीतातले कळत नाही. पण माझ्या शेजारी बसलेल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या, एवढे मी पाहिले आहे.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी पालकांना बोलावले. मुलांनी तीन चिजा वाजवल्या. मुलीचे वडील कामावरूनच आले होते, केसांत कापसाचे तूस तसेच होते. वाजवणे संपल्यावर त्यांनी मास्तरांना बाजूला घेतले. पोरीला कांड्यांवरून एक तास सोडतो ते काही शिकते आहे म्हणून, शिकणे थांबले तर तासही थांबेल, असे ते बोलल्याचे मास्तरांनी मला त्याच दिवशी सांगितले. म्हणजे मला हे माहीत होते. पुढे मी स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहिले आहे की मला नीट कल्पना नव्हती. ते खरे नाही.

तुळशीचे लग्न झाले आणि वाद्ये हातगाडीवरून परत गेली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मास्तर माझ्या घरी आले. बरोबर ती मुलगी होती. बाईंच्या अक्षरातला एक कागद त्यांनी पुढे केला. जुने पण चांगले क्लॅरिनेट, प्रत्येकी दोनशे साठ, दोन नग. साइड ड्रम एकशे साठ. तबल्याचा जोड दीडशे. बासऱ्या बारा, अडीच रुपयांप्रमाणे तीस. एकूण आठशे साठ. बँडमालक सामान विकायला तयार होता. त्याला मोसमासाठी नवे घ्यायचे होते, आणि आम्ही त्याला आठ दिवसांत हो किंवा नाही कळवायचे होते.

मी मास्तरांना बसवले, चहा सांगितला आणि कागदावर गणित मांडले. तीन हजारांतून आठशे साठ गेले तर उरतात दोन हजार एकशे चाळीस. त्यावर आठ टक्क्यांनी वर्षाला एकशे एकाहत्तर रुपये वीस पैसे. महिन्याला चौदा रुपये सत्तावीस पैसे. तुमचा पगार पंधरा. कागद मी त्यांच्याकडे फिरवला.

"दरमहा त्र्याहत्तर पैशांची तूट येते मास्तर," मी म्हणालो. "किरकोळी वेगळीच."

मास्तरांनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "तो मेरे पगार में से काट लो साब. चौदा दो."

मी म्हटले, तसे करता येत नाही, ठरावात पंधरा लिहिले आहेत. शिवाय एकदा मुद्दल फोडले की पुन्हा फोडले जाते, मुदतीआधी काढले तर व्याजही कमी मिळते, आणि मालकांनी परत येऊ नका म्हणून स्पष्ट सांगितले आहे. मी त्यांना वडिलांच्या कायम पूजेची गोष्टही सांगितली. चाळीस वर्षांनीही हा वर्ग चालू असेल, असे मी म्हणालो. मला तेव्हा ते मनापासून वाटत होते.

मास्तर म्हणाले, "देव कू उमर नई होती साब. बच्चों कू होती."

मुलगी दाराशी जमिनीवर बसली होती. माझ्या पत्नीने तिला बशीत शेंगाचटणी आणि भाकरी दिली होती, पण ती खात नव्हती. ती समोरच्या कोपऱ्यात पाहत होती. तिथे आमची पेटी होती, नवी. त्याच दिवाळीत मी बोनसमधून मुलासाठी घेतली होती, दोनशे चाळीस रुपयांना. मुलाने ती आठवडाभर वाजवली आणि सोडून दिली. तेव्हा तिच्या झाकणावर इस्त्रीच्या कपड्यांची घडी होती.

ती पेटी मी वर्गाला देऊ शकत होतो. हे मला त्या क्षणी सुचलेही होते. पण खासगी वस्तू निधीच्या कामात मिसळली की तिची नोंद कुठे करायची, हा प्रश्न मला आधी पडला. त्र्याहत्तर पैसेही मी खिशातून देऊ शकत होतो. महिन्याची माझी सुपारी त्याहून जास्त होई.

ती दोघे गेल्यावर पत्नीने बशी उचलली आणि म्हणाली, "अहो, ते पैसे त्या पोरांचेच आहेत ना?"

मी म्हणालो, हो, आणि म्हणूनच जपतो आहे. ती आत गेली.

आठ दिवसांनी बँडमालकाने सामान दुसरीकडे दिले नाही, पण वर्गालाही दिले नाही. मोसम सुरू झाला आणि तेच सामान पुन्हा वरातीत फिरू लागले. मुले बाकावर बोटे वाजवत बसू लागली. मास्तर त्यांच्याकडून सरगम म्हणवून घेत. ती मुलगी रिकामी कांडी घेऊन येई आणि क्लॅरिनेटसारखी धरून तिच्यावर बोटे फिरवी. डिसेंबरात तिचे वडील शाळेत आले. वाजवायला काही नाही तर तासभर जाऊन करता काय, असे त्यांनी बाईंना विचारले. उत्तर माझ्याकडे होते, पण मी तिथे नव्हतो. जानेवारीपासून मुलीचे वर्गाला येणे बंद झाले, आणि जूनमध्ये शाळाही सुटली.

पुढच्या वर्षी चातुर्मासात वाद्ये पुन्हा आली, पण मुले चौदाच आली. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. पंचाहत्तरच्या डिसेंबरात चार उरली होती, त्यातली दोन मास्तरांच्या नात्यातली. मी दरमहा एक तारखेला पंधरा रुपये घेऊन शाळेत जात होतो. १९७६ च्या जानेवारीत मास्तरांनी ते घेतले नाहीत. बच्चे नाहीत तर पगार कशाचा, असे ते म्हणाले. त्यांनी हे रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी माझा हात हातात घेऊन ते पैसे माझ्या मुठीत परत ठेवले.

त्यानंतर मी केले ते आज लिहायला जड जाते. मी न दिलेला पगार बचत खात्यात भरू लागलो. खर्च शून्य, जमा वीस. दर जुलैला मी स्वच्छ अक्षरात हिशेब लिहून मालकांना पाठवी, आणि शिल्लक वाढलेली पाहून मला बरे वाटे. एका वर्षी तर मी शेवटी लिहिले होते, निधीची स्थिती समाधानकारक आहे.

१९७८ च्या जूनअखेर ठेवीची मुदत संपली. नव्याने ठेवायला मालकांची सही हवी होती म्हणून मी त्यांच्या पेढीवर गेलो. पाच वर्षांचे हिशेब बरोबर नेले. मुद्दल तीन हजार, व्याज बाराशे, खर्च पाचशे बासष्ट, बचत खात्याचे व्याज एकेचाळीस, एकूण शिल्लक तीन हजार सहाशे एकोणऐंशी. मालकांनी चष्मा लावून सगळी पाने पाहिली. आधीची पाकिटे त्यांनी उघडलीही नव्हती, हे मला तेव्हा कळले.

"हिशेब फस्टक्लास हाय की," ते म्हणाले. मग पाने उलटी करून मागे काही आहे का पाहिले. "पोरं कुटं हायेत?"

मी म्हणालो, वर्ग अडीच वर्षांपासून बंद आहे.

"मग हे वाढलं कशानं?"

मी म्हणालो, बंद आहे म्हणूनच.

गादीवर त्यांचे दोन गुमास्ते बसले होते. त्यांतला एक खाली पाहून हसला. मालक हसले नाहीत. आईच्या नावाने दिले होते, एवढेच ते म्हणाले. ते मला बोलले असते तर मी ठराव दाखवणार होतो. पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही. शेवटी त्यांनी सांगितले की पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत हे सगळे खर्च झाले पाहिजे, एक पैसा उरता कामा नये.

मी आधी मास्तरांकडे गेलो. त्यांचे केस पुरते पिकले होते. माफी कशी मागावी हे मला कळत नव्हते, म्हणून मी मालकांचे म्हणणे सांगितले आणि तीस महिन्यांचा न घेतलेला पगार, चारशे पन्नास, पुढे केला. त्यांनी तो पुन्हा नाकारला. नवा वर्ग घ्यायला मात्र तयार झाले, पण लहान मुलींना क्लॅरिनेट धरायला शिकवायला ती मुलगी हवी, असे म्हणाले. ती कुठल्या कारखान्यात आहे ते त्यांना ठाऊक होते. मी विचारायला जावे, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, तुम्ही गेलात तर बरे. ते म्हणाले, "नक्को साब. तुमीच जाव."

कारखान्यात बारा माग चालू होते आणि आवाजात काही ऐकू येत नव्हते. ती ओळीने बसलेल्या बायकांत कांड्या भरत होती, सतरा वर्षांची, डोक्याला फडके बांधलेले. कारखानदाराला विचारून तिला दारापाशी बोलावले. तिने मला लगेच ओळखले.

"तुमी हिशेबाचे काका की."

मी हो म्हणालो. वर्ग पुन्हा सुरू होतो आहे, वाद्ये घेतो आहोत, मास्तरांनी बोलावले आहे, असे सांगितले. ती हातातल्या सुताचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"तवा पैसे होते का, काका?"

हा प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारील याची मी पाच वर्षे वाट पाहत होतो असे मला वाटले. उत्तरे बरीच तयार होती.

"होते," मी म्हणालो.

"किती?"

"तीन हजार."

तिने बोटावरचे सूत सोडवले. मग म्हणाली, "मास्तर बोलले संपले म्हणून. आमाला वाटलं खरंच संपले." आणि मागे वळून तिने आपल्या जागेकडे पाहिले, कारण तिच्या वाट्याच्या कांड्या थांबल्या होत्या.

मास्तरांनी माझ्यासाठी खोटे बोलून ठेवले होते, हे मला त्या दारात उभे राहून कळले. मी तिला म्हणालो, चूक माझी होती. तिने मान हलवली. हो म्हणून की जाऊ द्या म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिने व्यवहाराचे विचारले. रविवारी कारखान्यात अर्धा दिवस काम असते, ते बुडाले तर घरी दोन रुपये कमी जातात. ते मिळणार असतील तर येईन, लग्न ठरले आहे, भिवंडीला द्यायचे आहे, तोपर्यंत येईन. मी म्हणालो, मिळतील.

ती तीन रविवार आली. पहिल्या दिवशी तिला स्वर धरता येईना. ओठांतून वाराच सुटत होता. मुली हसल्या, तीही हसली. दुसऱ्या रविवारी थोडे जमले. तिसऱ्या रविवारी तिने त्यांना ओठ कसे घ्यायचे ते एकेकीच्या हनुवटीला हात लावून दाखवले आणि स्वतः वाजवले नाही. नंतरच्या आठवड्यात लग्न झाले. वरातीत तोच बँड होता. मला आमंत्रण होते, पण मी गेलो नाही.

नव्या वर्गात सव्वीस मुले आली. १९७९ च्या डिसेंबरअखेर निधी संपला तो असा. बँडमालकाला, पूर्वी आठशे साठाला मिळत होते त्याच सामानाचे, एक हजार एक. मास्तरांना अठरा महिन्यांचे, पंचाहत्तरप्रमाणे, तेराशे पन्नास. ड्रम आणि तबला शिकवणाऱ्या बँडमधल्या दोघा तरुणांना मिळून सातशे वीस. शाळेला दुसऱ्या पेटीसाठी तीनशे नव्वद. क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायच्या पत्त्या, तबल्याची शाई, दोऱ्या आणि दुरुस्ती, दोनशे बारा. आणि विणकराच्या मुलीला, तीन रविवारांचे, दोन रुपयांप्रमाणे, सहा रुपये.